बेसबॉल शिकताना काय वाचावं, काय पाहावं, आणि कोणत्या क्रमाने

पुण्यातल्या एका शाळेत सातवी ते दहावीच्या मुलामुलींची बेसबॉलची टीम उभी राहते आहे. शिकवणारे सर स्वतः क्रिकेट खेळलेले आणि सॉफ्टबॉल शिकवलेले आहेत. काही पालकांनाही खेळ समजून घ्यायचा आहे. त्यांचा प्रश्न असा: कोणती पुस्तकं घ्यावीत, कोणते व्हिडिओ आणि चित्रपट मुलांना दाखवावेत?

सरळ उत्तर द्यायचं तर पहिले दोन महिने एकही पुस्तक विकत घेऊ नका. अमेरिकेच्या मेजर लीगचं अधिकृत नियमपुस्तक इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतं. लहान वयाच्या पिचरने (बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याने) दिवसाला किती पिच, म्हणजे असे चेंडू, टाकावेत याची ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वंही फुकट आहेत. तिसरी लागणारी गोष्ट म्हणजे स्कोअरशीट, आणि ती चौकटीच्या वहीत पट्टी घेऊन आखता येते. या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की मग पुस्तकांकडे वळा. बेसबॉलवरची बहुतेक चांगली पुस्तकं वाचकाला काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक), फोर्स आउट, टॅग-अप (झेल झाल्यावर बेसला पाय लावून मगच पळणं) हे सगळं येतं असं गृहीत धरून लिहिलेली आहेत. ते कच्चं असेल तर उत्तमातलं उत्तम पुस्तकही विसाव्या पानावर मिटून ठेवलं जातं.

नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. शेवटी व्याख्यांचा भाग आहे तिथून सुरुवात करा, कारण आधीच्या सगळ्या कलमांचा अर्थ त्या व्याख्यांवर उभा आहे. क्रिकेटमधून आलेल्या माणसाची गाडी हमखास अडकते ती चार-पाच ठिकाणी. एक म्हणजे फोर्स आउट आणि टॅग यातला फरक. बॅटरमुळे रनरला पुढचा बेस घेणं भागच पडलं असेल तर चेंडू हातात धरून बेसवर पाय टेकवला तरी पुरतो, नाहीतर रनरला चेंडू लावावा लागतो. दुसरं ठिकाण तिसऱ्या स्ट्राइकचं. स्ट्राइक म्हणजे बॅट फिरवून चुकलेला, किंवा स्ट्राइक झोनमधून (प्लेटच्या वर, साधारण गुडघा ते छातीच्या चौकटीतून) गेलेला चेंडू; तीन झाले की बॅटर आउट. कॅचरने चेंडू सोडला आणि फर्स्ट बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर पळू शकतो. शाळेच्या सामन्यांत अशा वेळी बॅटर मान खाली घालून डगआउटकडे चालू लागतो आणि एक फुकटचा बेस हातचा जातो. दोन स्ट्राइक झाल्यावर साधा फाउल (हद्दीबाहेर गेलेला फटका) बसला तर आउट नाही, पण बंट (बॅट न फिरवता नुसता टेकवलेला चेंडू) फाउल गेला तर आउट, हेही मुलांना वेगळं सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त वाद होतो इनफिल्ड फ्लायवरून. फर्स्ट आणि सेकंडवर रनर आहेत किंवा तिन्ही बेस भरलेले आहेत, दोनपेक्षा कमी आउट आहेत, आणि इनफिल्डरला (बेसच्या आसपासच्या क्षेत्ररक्षकाला) सहज झेलता येईल असा उंच चेंडू फेअर हद्दीत उडाला, तर झेल सुटला तरी बॅटर आउट. लाइन ड्राइव्ह (सपाट, सरळ जाणारा फटका) आणि बंट यात धरत नाहीत. हा नियम कशासाठी, हे मुलांना मैदानावर उभं करूनच दाखवा. सेकंड आणि फर्स्टवर एकेक मुलगा ठेवा आणि शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्डच्या मधल्या खेळाडूला) मुद्दाम झेल सोडायला सांगा. झेल होईल म्हणून रनर बेसला चिकटून राहतात, चेंडू खाली पडतो, आणि दोन सोपे आउट मिळतात. ही लबाडी रोखायला नियम केलाय हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पाठ करावा लागत नाही.

छापील नियमांबाबत एक सावधगिरी. शारीरिक शिक्षणाच्या मार्गदर्शक पुस्तकांत बेसबॉलचं एखादं प्रकरण असतं. मैदानाची आखणी समजून घ्यायला ते ठीक आहे: बेस ते बेस ९० फूट म्हणजे २७.४३ मीटर, पिचरच्या पट्टीपासून होमप्लेट ६० फूट ६ इंच म्हणजे १८.४४ मीटर, प्लेटची रुंदी १७ इंच. मात्र २०२३मध्ये मेजर लीगने बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच केला, पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलं, आणि इनफिल्डर कुठे उभे राहू शकतात यावर बंधनं आणली. जुन्या पुस्तकात यातलं काहीच सापडणार नाही. उलट, टीव्हीवर दिसतं ते सगळं तुमच्या स्पर्धेत लागू असेलच असंही नाही. किती इनिंगचा सामना, किती रनांच्या फरकाने थांबवायचा, पिचवर काय मर्यादा, हे स्पर्धेच्या पत्रकातून आधी वाचून घ्या.

आता हाताची काळजी. या विषयात वाचनाने खरोखर नुकसान टळतं, म्हणून इथे जरा थांबतो. पिच स्मार्ट ही मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून २०१४मध्ये आणलेली तत्त्वं आहेत. त्यानुसार ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच, आणि १३ ते १६ या वयात ९५. खरा उपयोग विश्रांतीच्या तक्त्याचा आहे. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात २० पर्यंत पिच टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं, २१ ते ३५ टाकले तर एक दिवस सुट्टी, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन आणि ६६च्या पुढे चार दिवस. १५-१६ वर्षांसाठी हेच टप्पे ३०, ४५, ६० आणि ७५ असे आहेत. पिचिंग केलेल्या मुलाला त्याच सामन्यात कॅचर करू नये. वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद ठेवावं, त्यातले दोन-तीन महिने सलग. फास्टबॉल आणि चेंजअप (फास्टबॉलसारखाच दिसणारा पण हळू चेंडू) नीट बसल्याशिवाय कर्व्ह किंवा स्लायडर या वळणाऱ्या चेंडूंच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे हे बिघडतं कुठे? आंतरशालेय स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात, शाळेकडे चांगला पिचर एकच असतो, आणि सकाळी तोच, दुपारीही तोच. पिच मोजायला कुणी बसलेलं नसतं. बोटात घालायचा जपाचा काउंटर यासाठी उत्तम. राखीव खेळाडूंपैकी एकाच्या बोटात तो असू द्या आणि दर इनिंगनंतर आकडा स्कोअरशीटवर लिहून घ्या. मोजणी एक दिवसही चुकली की तक्ता निरुपयोगी होतो. दुसरी चूक म्हणजे फक्त पिच मोजणं आणि तोच मुलगा संध्याकाळी क्रिकेटच्या क्लबात नेटमध्ये तासभर गोलंदाजी करतो हे विसरणं. खांदा तोच आहे. त्याच्या क्रिकेटच्या सरांशी बोलून आठवडा आखा.

या विषयावर मोठ्यांनी वाचावं असं एक पुस्तक आहे, जेफ पासान यांचं ‘द आर्म’, २०१६मध्ये आलेलं. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला की जी शस्त्रक्रिया करतात ती डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४मध्ये पिचर टॉमी जॉन याच्यावर पहिल्यांदा केली, म्हणून तिला त्याचंच नाव पडलं. तो परत आला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. यामुळे ‘ऑपरेशन केलं की हात आणखी जोरात चालतो’ असा भलता समज पालकांत पसरतो. पासान यांनी दुसऱ्यांदा ही शस्त्रक्रिया झालेल्या दोन पिचरांच्या परतीचा प्रवास जवळून लिहिलाय. तो वाचल्यावर असा समज टिकत नाही. मुलाला पिचर करायचा हट्ट धरणाऱ्या पालकांच्या हातात हे पुस्तक अवश्य द्या.

स्कोअर लिहिणं हा माझ्या मते पाहण्याचा सगळ्यात चांगला अभ्यास आहे. नुसता सामना पाहणारा चेंडूच्या मागे नजर फिरवतो. पेन्सिल हातात असली की प्रत्येक आउट कुणाकडून कुणाकडे गेला हे पाहावंच लागतं. खेळाडूंना जागेनुसार आकडे असतात: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, आणि आउटफिल्डमध्ये डावीकडून ७, ८, ९. मुलं इथे एक चूक ठरलेली करतात. मैदानावर शॉर्टस्टॉप सेकंड आणि थर्डच्या मध्ये दिसतो म्हणून त्याला ५ देतात. हे पहिल्याच दिवशी दुरुस्त करा.

एक अर्धी इनिंग, म्हणजे एका संघाचे तीन आउट होईपर्यंतचा खेळ, लिहून पाहू. पहिला बॅटर तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता बघत राहिला आणि आउट झाला. त्याच्या चौकटीत ‘के’ हे इंग्रजी अक्षर उलटं, आणि गोलात १. बॅट फिरवून चुकला असता तर अक्षर सरळ. दुसऱ्याला चार बॉल (झोनबाहेरचे, बॅट न फिरवता सोडलेले चेंडू) मिळाले, चौकटीत ‘बीबी’, आणि होमप्लेटपासून फर्स्टपर्यंत एक तिरकी रेघ. तिसऱ्याने जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला, त्याने सेकंड बेसवाल्याला दिला, तिथून फर्स्टला, दोघे आउट. लिहायचं ६-४-३, शेजारी ‘डीपी’, आणि त्या तिरक्या रेघेच्या पुढे आधीच्या रनरचा आउट. अर्धी इनिंग संपली. तीन बॅटर, आणि वहीवर पाहिलं तर पहिल्याला पिचरने फसवलं, दुसऱ्यापुढे त्याचा नेम गेला, तिसऱ्याने चेंडू खाली दाबून पिचरला सोडवलं, हे सगळं वाचता येतं. प्रत्येक पिचसाठी चौकटीच्या कोपऱ्यात बारीक टिंबं करायची सवय लागली तर पिचची मोजणीही तिथेच होते.

पाहायला काय निवडावं? हायलाइट्स नकोत. त्यात होमरन आणि सूर मारून घेतलेले झेल असतात, म्हणजे फक्त शेवट. तो शेवट कशामुळे आला ते त्याआधीच्या चार-पाच पिचमध्ये असतं आणि नेमकं तेच कापलेलं असतं. मेजर लीगच्या यूट्यूब वाहिन्यांवर जुने पूर्ण सामने आहेत. त्यातला एक घ्या, तीन बैठकांत पाहा, दर बैठकीला तीन इनिंग. पहिल्या बैठकीत फक्त कॅचरचा ग्लोव्ह पाहायचा: कुठे मागितला, चेंडू कुठे आला. दुसऱ्या बैठकीत चेंडू मारला गेला की नजर चेंडूवरून काढून शॉर्टस्टॉपच्या पायांवर न्यायची. कॅमेरा तिथे नसेल तर रिप्लेची वाट पाहा. तिसऱ्या बैठकीत दर पिचआधी व्हिडिओ थांबवून विचारायचं: किती आउट, काउंट काय, रनर कुठे, तुझ्याकडे चेंडू आला तर कुठे टाकशील? उत्तर तीन सेकंदांत आलं पाहिजे.

टीव्हीच्या चित्राबद्दल हे मुलांना जरूर सांगा. मुख्य कॅमेरा सेंटर फिल्डमधून, पिचरच्या पाठीमागून आणि बहुधा थोडा बाजूने असतो. लांबच्या भिंगामुळे १८ मीटरचं अंतर हातभर दिसतं आणि प्लेटच्या कडेवरचा चेंडू बाहेरचा वाटतो. अंपायर चुकला असं ओरडण्याआधी वरून घेतलेलं चित्र पाहावं.

एकच बॅटर संपूर्ण अभ्यासायचा असेल तर २०२३च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या अंतिम सामन्याचा शेवट घ्या. मायामीत जपान ३-२ असा पुढे, नववी इनिंग, दोन आउट, बेस रिकामे. पिचर शोहेई ओहतानी, समोर माइक ट्राउट, तेव्हा एरवी एकाच संघातले सहकारी. पहिला स्लायडर, खाली, बॉल. मग ताशी सुमारे १६० किलोमीटरचा फास्टबॉल, ट्राउट फिरवून चुकला. पुन्हा तसाच, बाहेर, बॉल. चौथाही फास्टबॉल, पुन्हा चुकला. पाचवा सगळ्यात वेगवान, जवळजवळ १६४, पण बाहेर लांब गेला. काउंट भरला, तीन बॉल, दोन स्ट्राइक. इथे थांबवा आणि मुलांना विचारा, आता काय टाकशील? लागोपाठ चार फास्टबॉल झालेत. बॅटरचं अंग त्या वेगाला जुळलंय. आणखी एक बॉल गेला तर बरोबरीचा रनर बेसवर येतो, म्हणून बहुतेक मुलं ‘फास्टबॉल, मधोमध’ म्हणतात. ओहतानीने ताशी १४०चा स्लायडर टाकला, ट्राउटची बॅट त्याच्या आतून गेली, सामना संपला. वेगातला २० किलोमीटरचा फरक काय करतो आणि आधीचे चार पिच सहाव्याची तयारी कसे करतात, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे सहसा सापडत नाही. सहा पिचवर पाऊण तास सहज जातो, जाऊ द्या.

थेट सामने पाहायची पुण्यातून सोय तितकी वाईट नाही. मार्च ते ऑक्टोबर न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथला संध्याकाळी ७:१० चा सामना आपल्याकडे पहाटे ४:४० ला, आणि कॅलिफोर्नियातला सकाळी ७:४० ला सुरू होतो. पूर्व किनाऱ्यावरचे दुपारी एकचे सामने इथे रात्री साडेदहाच्या सुमारास लागतात. शनिवारचा निवडा, रविवारचा घेतलात तर सोमवारची शाळा बुडते. जपानच्या लीगचे संध्याकाळी सहाचे सामने आपल्या दुपारी अडीचला असतात. शिवाय जपानी इनफिल्डरांची पावलं, बंट आणि बेस-टू-बेस खेळ शाळेच्या मुलांना अमेरिकन ताकदीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पुस्तकांकडे येऊ. बॅटिंगसाठी टेड विल्यम्सचं ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ पहिलं. १९४१मध्ये .४०६ सरासरी (हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, भागिले अधिकृत संधी) काढणारा हा बॅटर, आणि पुस्तक छोटं, चित्रांसहित. त्याने स्ट्राइक झोन ७७ चेंडूंत मांडलाय, रुंदीला ७ आणि उंचीला ११, आणि प्रत्येक जागी आपली सरासरी किती राहील ते लिहिलंय. मधल्या जागी .४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. बॅटर तोच, फक्त चेंडूची निवड बदलली की आकडा जवळजवळ निम्मा होतो. आडवी-उभी बॅट कशी धरायची यापेक्षा हे एक चित्र मुलांना जास्त शिकवतं.

ते मैदानावर आणायची रीत अशी. दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये इलॅस्टिकच्या दोन आडव्या दोऱ्या बांधा, खालची गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली, वरची खांदा आणि कंबर यांच्या मध्यावर. उभ्या दोऱ्या प्लेटच्या रुंदीएवढ्या, ४३ सेंटिमीटरवर. पिचर प्लॅस्टिकचे किंवा टेनिसचे चेंडू टाकेल. बॅटरने हेल्मेट घालून उभं राहायचं, बॅट फिरवायची नाही, चेंडू अर्ध्या वाटेत असतानाच ‘हो’ किंवा ‘नाही’ ओरडायचं. मागे उभा मुलगा दोरी पाहून बरोबर-चूक लिहील. २० चेंडूंचा एक फेरा, मुलामागे दोन फेरे. ‘हो’ उशिरा आलं तर ते चूकच धरा, कारण तितक्या उशिरा ठरवून बॅट पोहोचत नाही. क्रिकेटची मुलं इथे एका ठरावीक जागी चुकतात: गुडघ्याखालचा चेंडू त्यांना यॉर्करसारखा वाटतो आणि अडवायला हात जातो. इथे मागे स्टंप नाहीत, खालचा चेंडू सोडायचा असतो.

चार्ली लाऊ यांचं १९८०मधलं पुस्तक याच्या बरंचसं उलट सांगतं. विल्यम्स कंबरेचं फिरणं आणि किंचित वर जाणारा स्विंग सांगतो, लाऊ वजन मागून पुढे नेण्यावर आणि सपाट स्विंगवर भर देतात. त्यांचा शिष्य जॉर्ज ब्रेट त्याच वर्षी .३९० खेळला, म्हणजे तेही पोकळ नाही. पण दोन्ही पुस्तकं एकदम मुलांपुढे ठेवू नका. वजन पुढे न्यायची सवय क्रिकेटच्या मुलांना ड्राइव्हमुळे आधीच असते, आणि लाऊ वाचून ती आणखी वाढते. मग पुढचा गुडघा वाकतो, डोकं पुढे जातं आणि चेंजअपला बॅट कधीच फिरून गेलेली असते. या वयोगटाला विल्यम्सच बरा, लाऊ सरांनी स्वतः वाचावेत.

पिचिंग पुस्तकातून शिकणं अवघड. त्यापेक्षा मोबाइलचा स्लो मोशन वापरा. पिचर उजव्या हाताचा असेल तर कॅमेरा थर्ड बेसच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, तिकाटण्यावर. चित्र त्या क्षणी थांबवा जेव्हा पुढचा पाय जमिनीला लागतो. त्या वेळी फेकणाऱ्या हाताचा कोपरा साधारण खांद्याच्या रेषेत आणि चेंडू वर आलेला असला पाहिजे. पाय टेकला तरी हात अजून खालीच असेल तर पुढचं सगळं ओझं कोपरावर येतं. क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवायची शिस्त लागलेली असते, त्यामुळे गोलंदाज मुलं सुरुवातीला चेंडू फेकत नाहीत, ढकलतात. त्यांना आधी सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे टाकतात तसे लांब थ्रो करू द्या, मगच पिचरच्या पट्टीवर न्या.

रॉबर्ट अडेर यांचं ‘द फिजिक्स ऑफ बेसबॉल’ दहावीच्या पुढच्या मुलांसाठी आणि विज्ञानाच्या शिक्षकांसाठी छान. लेखक येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदांत प्लेटवर येतो, आणि त्यात पाहणं, ठरवणं, फिरवणं सगळं बसवायचं असतं, याचा हिशोब तिथे आहे. क्रिकेटचा चेंडू स्विंग होतो तो मुख्यतः शिवणीच्या कोनामुळे आणि एका बाजूच्या चकाकीमुळे. बेसबॉल वळतो तो मुख्यतः फिरकीमुळे, हवेतच, टप्पा न पडता. आपल्या मुलांना ऑफस्पिनरचा ड्रिफ्ट माहीत असतो, तिथून समजावलं तर लवकर डोक्यात शिरतं.

मनाच्या तयारीसाठी डॉर्फमन आणि क्यूल यांचं ‘द मेंटल गेम ऑफ बेसबॉल’. जाडजूड आहे, पण सरांनी वाचून त्यातली एक गोष्ट घेतली तरी पुरे: दोन पिचच्या मधल्या वेळात काय करायचं याचा ठरलेला क्रम. पट्टीवरून उतरणं, एक लांब श्वास, मैदानातल्या एका ठरलेल्या खुणेकडे पाहणं, मग कॅचरचा इशारा घेणं. चार बॉल गेल्यावर पिचर घाईघाईने पुढचा टाकतो आणि तोही बाहेर जातो, हे शाळेच्या सामन्यात दर वेळी दिसतं. त्यावर हा उपाय आहे.

इंटरनेटवर ड्रिलचे व्हिडिओ पोत्याने आहेत. त्यातले वजनदार चेंडू फेकून वेग वाढवायचे व्हिडिओ या मुलांसाठी पूर्ण वर्ज्य. ते मोजमाप आणि देखरेख असलेल्या प्रौढ खेळाडूंचं काम आहे. सॉफ्टबॉलचे व्हिडिओ चुकून बेसबॉल म्हणून दाखवले जातात, तेही सांभाळा. तिथे बेस ६० फुटांवर, पिच खालून, आणि चेंडू सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही. बेसबॉलमध्ये रनर आधीच लीड घेतो, म्हणजे बेसपासून थोडा पुढे सरकून उभा राहतो. सॉफ्टबॉल शिकलेली मुलगी बेसला पाय चिकटवून उभी राहिली तर सेकंड बेस चोरणं तिला कधीच जमणार नाही, आणि दोष तिचा नसतो. ग्लोव्हचे प्राथमिक व्हिडिओ मात्र जरूर दाखवा. क्रिकेटचे हात चेंडू तळव्यात घेऊन मागे सोडतात. इथे तो अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खिशात घ्यायचा आणि दुसरा हात लगेच वर ठेवायचा, झाकायला आणि काढायलाही.

चित्रपटांपैकी शाळेत दाखवायला ‘अ लीग ऑफ देअर ओन’ सर्वांत योग्य. १९४३ ते १९५४ अमेरिकेत मुलींची व्यावसायिक लीग होती, तिच्यावर १९९२मध्ये काढलेला. त्या लीगची सुरुवात मोठ्या चेंडूने आणि खालून पिचिंगने झाली, आणि ती हळूहळू वरून फेकण्याकडे गेली. सॉफ्टबॉलमधून येणाऱ्या आपल्या मुलींना हे जवळचं वाटेल. ‘४२’ हा जॅकी रॉबिन्सनवरचा. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनकडून उतरला आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. आजही दर १५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ नंबर घालतात. त्यात वर्णद्वेषी शिव्या आहेत, आधी दोन शब्द बोलून मगच दाखवा. ‘मिलियन डॉलर आर्म’ उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंवर आहे. २००८मध्ये दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. मुलं तो आवडीने पाहतात. फक्त नंतर सांगा की वेगाने दार उघडलं, पुढचं सगळं नेम आणि मेहनतीवर होतं. ‘बुल डरॅम’ मोठ्यांसाठीच.

जपानी अॅनिमे मुलं तशीही पाहतात, मग ‘ओओकिकु फुरिकाबुत्ते’ पाहू द्या. पिचरला वेग नाही, पण स्ट्राइक झोनचे नऊ तुकडे करून हवा तिथे चेंडू टाकतो, आणि कॅचर त्याच्यासाठी बॅटर वाचतो. पिच निवडीमागचा विचार इतका सावकाश उलगडून दाखवणारं थोडंच काही आहे. एमा रायन यामाझाकी यांचा कोशिएनवरचा माहितीपट सरांसाठी. १९१५पासूनची शालेय स्पर्धा, तिची शिस्त आणि तिची किंमतही त्यात दिसते. २०१८च्या स्पर्धेत कोसेई योशिदा या मुलाने एकट्याने ८८१ पिच टाकले. त्यानंतर वाद झाला आणि २०२०पासून आठवड्याला ५०० पिचची मर्यादा आली. जपाच्या काउंटरचा कंटाळा करणाऱ्या टीमला हा आकडा सांगा.

केन बर्न्स यांचा ‘बेसबॉल’ हा १९९४चा माहितीपट नऊ भागांत आणि १८ तासांहून मोठा आहे. सगळा नाही जमला तर पाचवा आणि सहावा भाग, कृष्णवर्णीयांच्या लीग आणि रॉबिन्सन.

‘मनीबॉल’ २००३चं पुस्तक, २०११चा चित्रपट. पुस्तक चांगलं, चित्रपट रंगतदार, पण ओकलंडच्या २००२च्या संघात सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवणारा बॅरी झिटो आणि सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मिगेल तेहादा होते, हे चित्रपटात जवळजवळ नाहीच. त्यातला मुख्य विचार, नुसत्या सरासरीपेक्षा बॅटर किती वेळा बेसवर पोहोचतो ते पाहा, मात्र तुमच्या स्कोअरबुकावर लगेच लावता येतो. एका मुलीने २० अधिकृत संधींत ५ हिट मारले, आणि या संधींत न धरलेले: ६ वेळा चार बॉल मिळाले, एकदा चेंडू लागला, एक सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला, पण त्यावर रन झाला). सरासरी .२५०. पण बेसवर ती १२ वेळा पोहोचली, २८पैकी, म्हणजे .४२९. दुसऱ्या मुलाने २५ संधींत ८ हिट मारले, सरासरी .३२०, चार बॉल एकदाच. तो पोहोचला २६पैकी ९ वेळा, .३४६. पहिल्या क्रमांकावर कुणाला पाठवायचं? टाळ्या मुलाला मिळतात, बॅटिंग ऑर्डरमध्ये वर मुलगी हवी.

निव्वळ चाहत्यांसाठी तीन नावं. रॉजर कान यांचं ‘द बॉइज ऑफ समर’, लॉरेन्स रिटर यांनी जुन्या खेळाडूंना बोलतं करून लिहिलेलं ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’, आणि जिम बाउटन याची १९६९च्या मोसमाची बेधडक डायरी ‘बॉल फोर’. शेवटचं मुलांच्या हाती नको.

पुण्यातल्या पावसाचा यात चांगला उपयोग होतो. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात, कातडी चेंडू भिजून जड होतो आणि शिवण सुटते. पिच स्मार्टने सांगितलेली सलग विश्रांती याच काळात बसवा, आणि अमेरिकेतला मोसमही याच दिवसांत ऐन भरात असतो. आठवड्याला एक दिवस वर्गात तीन इनिंग, वही-पेन्सिलीसह. एक दिवस हॉलमध्ये दोऱ्यांच्या झोनसमोर टेनिस चेंडूवर ‘हो-नाही’, चेंडू सर खालून टाकतील. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात नोंदवून ठेवावं लागतं, कारण ही सहसा मागवूनच मिळतात. ई-बुक बहुधा स्वस्त पडतं. विल्यम्सचं मात्र छापीलच घ्या, दोन प्रती. एक ग्रंथालयात, आणि दुसरी, ७७ चेंडूंच्या पानावर खूण घालून, किटबॅगेत.